‘ते’ गिऱ्हाईक : मागणी रोखणाऱ्या पोलिसी मोहिमांचे एक वाचन

मराठी वर्तमानपत्रात वेश्याव्यवसायावरील छाप्याची बातमी ठरावीक घाटाची असते. पोलिसांना खबऱ्यामार्फत माहिती मिळते. ‘बनावट ग्राहक’ पाठवून खातरजमा केली जाते. नोटांचे क्रमांक पंचांसमक्ष टिपून ठेवलेले असतात. इशारा मिळताच पथक आत शिरते. इतक्या महिलांची ‘सुटका’ होते, चालक किंवा दलाल ताब्यात घेतला जातो, रोख रक्कम आणि मोबाइल जप्त होतात. सोबत छायाचित्र असलेच तर त्यात ओढणीने तोंड झाकलेल्या बायका आणि त्यांच्यामागे उभे असलेले पथक.

ही बातमी मी अनेक वर्षे वाचत आले आहे. एखाद्या कथेची करतो तशी तिची पात्रयोजना तपासली तर एक गोष्ट लक्षात येते. जिच्यावर हा सारा व्यवहार उभा आहे ती भूमिका, म्हणजे गिऱ्हाइकाची, या गोष्टीत फक्त एकाच पात्राच्या वाट्याला आली आहे आणि ते पात्र बनावट आहे. खरे गिऱ्हाईक आले तर शेवटच्या ओळीत, ‘दोन ग्राहकही आढळून आले’ अशा थाटात. त्याला वय नाही, गाव नाही, धंदा-नोकरी नाही. भाषाही त्याच्या मदतीला धावते. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. बाई ‘ती’ असते, दलाल ‘तो’ असतो, गिऱ्हाईक ‘ते’ असते. वाण्याच्या दुकानात या लिंगाने काही बिघडत नाही. इथे मात्र माडीचा जिना चढताना पुरुष आपले पुरुषपण व्याकरणाच्या हवाली करून मोकळा होतो.

अमेरिकेतील शहरांच्या पोलीस खात्यांनी या पात्रयोजनेची उलटापालट करून पाहिली. तिथल्या सापळ्यात बनावट असते ती बाई आणि पकडायचे असते ते खरे गिऱ्हाईक. ‘मागणी कमी करणे’ हे या मोहिमांचे घोषित उद्दिष्ट. त्यांच्याविषयी लिहितात ते बहुतेक गुन्हेशास्त्राचे किंवा समाजकार्याचे अभ्यासक. मी साहित्याची वाचक आहे, म्हणून त्यांच्याकडे वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटले. या मोहिमा काही विशिष्ट रूपांतून बोलतात : नाट्यप्रवेश, नावांची यादी, छायाचित्र, पत्र आणि वर्ग. या प्रत्येक रूपाला स्वतःचा श्रोता असतो. गिऱ्हाइकाला उजेडात आणू पाहणारी ही रूपे नेमके कोणाशी बोलतात, हा माझा प्रश्न आहे. एक अपवाद सोडला तर ती गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. प्रश्न केवळ परदेशचा नाही. आपल्या न्यायालयांतही आता गिऱ्हाइकाकडे बोट वळू लागले आहे, आणि ते वळताना आपण कोणते रूप उचलणार हे अजून ठरायचे आहे.

१

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. नेवाडा राज्यातील काही ग्रामीण काउंटी सोडल्या तर अमेरिकेत शरीरविक्रय हा दीर्घकाळ सर्वत्र गुन्हा राहिला आणि बहुतेक राज्यांत विकणारी व विकत घेणारा दोघेही कायद्याच्या कक्षेत आले. प्रत्यक्षात अटक होत राहिली ती प्रामुख्याने बायकांना. १९७०च्या दशकातील स्त्री-चळवळीने हा दुजाभाव पुढे आणला. दुसऱ्या बाजूने, रस्त्यावरच्या धंद्याने हैराण झालेले वस्तीतले रहिवासी ‘या गाड्या इथे फिरायच्या थांबवा’ म्हणून पोलिसांमागे लागले. या दोन वेगवेगळ्या तक्रारींच्या संगमातून मागणीविरोधी डावपेच पसरत गेले. अमेरिकी न्याय खात्याच्या संशोधन संस्थेच्या अर्थसाहाय्याने २०१२ मध्ये एक राष्ट्रीय आढावा पूर्ण झाला. त्यात असे डावपेच वापरलेली आठशेहून अधिक शहरे आणि काउंटी नोंदवलेली आहेत. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून फक्त विकत घेणे गुन्हा ठरवले आणि फ्रान्सने २०१६ मध्ये तीच वाट धरली. पण तो देशपातळीवरचा कायदा आहे. अमेरिकेतले वैशिष्ट्य असे की ही लढाई तिथे नगरपालिका, शेरीफ आणि जिल्हा सरकारी वकील यांनी आपापल्या कल्पकतेने लढवली. म्हणूनच तिच्यात रूपांची इतकी विविधता आली.

पहिले रूप नाट्यप्रवेशाचे. साध्या वेषातली महिला पोलीस ठरलेल्या नाक्यावर उभी राहते. अंगावर लपवलेला मायक्रोफोन असतो, जवळच्या गाडीत सहकारी ऐकत बसलेले असतात. एक मोटार वेग कमी करते, काच खाली येते. इथून पुढे सगळे संवादावर अवलंबून असते. बाईने आग्रह करायचा नाही. तसे केले तर बचावाचा वकील ‘माझ्या अशिलाला फूस लावली’ म्हणणार. कृती कोणती आणि पैसे किती, हे दोन्ही बोलण्यात स्पष्ट आले पाहिजे. काही ठिकाणी त्यापुढे एखादी हालचालही लागते, पैसे काढणे किंवा सांगितलेल्या जागी जाणे अशी. महाजाल आल्यावर नाक्याची जागा खोट्या जाहिरातीने आणि हॉटेलच्या खोलीने घेतली. संहिता तीच राहिली.

या प्रवेशात गुन्हा घडतो तो शब्दांनी. त्या पुरुषाने एक वाक्य उच्चारले की नाटक संपते. एवढ्या संहितेतून त्याच्याविषयी कळते काय? कोणती कृती आणि किती रक्कम, इतकेच. म्हणजे धंद्यातली बाई त्याला ज्या दोन गोष्टींनी ओळखते त्याच दोन गोष्टींनी राज्यसंस्थाही त्याला ओळखते. तो का आला, हे विचारायला सापळ्यात जागा नसते. पुराव्याला त्याची गरज पडत नाही. शिवाय रस्त्यावरच्या सापळ्यात रस्त्यावरचेच गिऱ्हाईक सापडते. ज्याचे व्यवहार ओळखीतून, पंचतारांकित हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होतात, त्याची मोटार त्या नाक्यावर कधी थांबतच नाही.

२

पकडलेल्याचे पुढे करायचे काय? दंड किरकोळ, तुरुंगवास क्वचित. तेव्हा शिक्षेची उणीव लाजेने भरून काढण्याची कल्पना निघाली. ऑक्टोबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांच्या पुढाकाराने शहराच्या मालकीच्या डब्ल्यूएनवायसी या नभोवाणी केंद्रावरून, शरीर विकत घेतल्याबद्दल दोषी ठरलेल्या पुरुषांची नावे वाचून दाखवण्यात आली. कार्यक्रमाला लोकांनी नाव दिले ‘जॉन अवर’. नावापुरताच तो तास. प्रत्यक्षात यादी काही मिनिटांत संपली आणि कार्यक्रम पुन्हा झाला नाही. ‘जॉन’ हा तिकडे गिऱ्हाइकाला वापरला जाणारा बोलीतला शब्द. आपल्याकडच्या ‘अमुक-तमुक’सारखे, कोणाचेही असू शकेल असे नाव. म्हणजे तिथेही भाषेने त्याला झाकलेच होते. आपण लिंग काढून घेतले, त्यांनी आडनाव.

नभोवाणीवर फसलेली कल्पना पुढे स्थानिक केबल वाहिन्यांवर, जाहिरात फलकांवर आणि पोलिसांच्या संकेतस्थळांवर रुजली. यादी हा साहित्यातला जुना प्रकार आहे. महाकाव्यांत वीरांच्या याद्या येतात, स्मारकांवर हुतात्म्यांच्या. नाव उच्चारणे म्हणजे व्यक्तीला समुदायासमोर उभे करणे, अशी त्यामागची श्रद्धा. पण यादीत नावामागे गोष्ट नसते, आणि गोष्टीवाचून नाव किती आंधळे होते याचे उदाहरण मेन राज्यातल्या केनेबंक या छोट्या गावात घडले. २०१२ मध्ये तिथल्या एका व्यायामवर्गाच्या आडून चाललेल्या व्यवसायाचा तपास झाला आणि पोलिसांनी ऑक्टोबरात गिऱ्हाइकांच्या नावांची पहिली यादी जाहीर केली. न्यायालयाच्या आदेशामुळे सुरुवातीला फक्त नावे दिली गेली, वय आणि पत्ते दिले नाहीत. परिणाम असा की त्याच नावाच्या भलत्याच माणसांना लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. मग पत्तेही खुले करण्यात आले. इथे गंमत नाही. निरपराध नामबंधूला वाचवायचे तर अपराध्याचे घर दाखवावे लागते आणि त्या घरात तो एकटा राहत नसतो.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील नॅसाऊ काउंटीच्या जिल्हा सरकारी वकील कॅथलीन राइस यांनी एका मोहिमेत अटक झालेल्या १०४ पुरुषांची छायाचित्रे फलकावर लावून पत्रकार परिषद घेतली. मोहिमेच्या नावाचा मराठीत अर्थ होईल ‘जॉनना मोरीत वाहवून द्या’. ही माणसे तेव्हा आरोपी होती. दोष सिद्ध व्हायचा होता, आणि पुढे त्यांतले काही जण खटल्यात निर्दोष ठरले. चेहरे मात्र आधीच छापले गेले होते.

मराठीत ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ असा वाक्प्रचार आहे. चारचौघांत कोणाची तरी टर उडवणे, त्याला हास्याचा विषय करणे. नॅसाऊच्या फलकावर गिऱ्हाइकाचे गिऱ्हाईक झाले. अशा छायाचित्रांत प्रत्येक चेहरा एकाच उजेडात, एकाच कोनातून टिपलेला असतो आणि पाहणाऱ्याला एकच दिलासा देतो : हा मी नव्हे. समाजशास्त्रज्ञ मार्टिन मॉन्टो यांनी अटक झालेल्या गिऱ्हाइकांच्या पाहण्यांची देशभरातल्या सर्वसाधारण पुरुषांच्या पाहण्यांशी तुलना केली, तेव्हा त्यांना दोन गटांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसले नाही. फरक होते, पण माफक. गिऱ्हाईक म्हणजे वेगळ्या जातीचा प्राणी नव्हे, हा त्याचा अर्थ. फलकाला नेमके हेच सांगता येत नाही. वेगळेपण दाखवण्यासाठीच तो उभारलेला असतो.

३

आता पत्र आणि मोटार. काही शहरांत पोलीस किंवा रहिवासी संघटना ‘त्या’ रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचे क्रमांक टिपतात आणि गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या घरी पत्र जाते : आपले वाहन अमुक ठिकाणी दिसले, तिथे असे धंदे चालतात, रोगांचा धोका आहे. गुन्ह्याचा पुरावा असावाच लागतो असे नाही. गाडी दिसली, पुरे. या पत्रांना ‘डिअर जॉन’ म्हणतात. त्या शब्दाला आधीचा एक जन्म आहे. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकाला प्रेयसीने किंवा बायकोने संबंध तोडल्याचे कळवणारे पत्र ते ‘डिअर जॉन’. पूर्वी ते बाई लिहीत असे आणि पुरुष वाचत असे. आता ते पोलीस लिहितात. लिफाफ्यावर नाव पुरुषाचे असते, पण ते उघडणारा हात बायकोचा असेल या अपेक्षेवरच त्याची सारी धार अवलंबून असते. पत्राचा खरा वाचक लिफाफ्यावर नाही. बायकोला न विचारता तिला पहाऱ्यावर बसवले आहे.

मोटार जप्त करण्याचा डावपेच याच्याही पुढे जातो. डेट्रॉइटमध्ये १९८८ साली एका विवाहित पुरुषाला पोलिसांनी मोटारीत एका वेश्येबरोबर पकडले. मोटार १९७७ सालची, पॉन्टिअ‍ॅक बनावटीची, सहाशे डॉलरना जुन्या बाजारात घेतलेली आणि नवरा-बायको दोघांच्या मालकीची. ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणून ती सरकारजमा झाली. बायकोचे म्हणणे साधे होते : नवरा गाडीचा असा उपयोग करील याची मला कल्पना नव्हती, माझा वाटा मला द्या. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९९६ मध्ये ‘बेनिस विरुद्ध मिशिगन’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. बहुमतात रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या. स्त्री-पुरुष समानतेच्या खटल्यांतून नाव कमावलेल्या या न्यायमूर्तींनी स्वतंत्र सहमतीचे टिपणही लिहिले. मालकी संयुक्त, गाडी जुनी, रक्कम इतकी क्षुल्लक की वाटून उरणार काय, असा हिशेब तिथे झाला. रक्कम कोणासाठी क्षुल्लक, हा प्रश्न त्या बाईच्या बाजूने विचारायला हवा होता. कामावर कशाने जायचे, हे सहाशे डॉलरची गाडी वापरणाऱ्या घरात क्षुल्लक नसते.

हे वाचताना मला विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९८१च्या या नाटकाला त्याच वर्षी गाजलेल्या एका पत्रकारी शोधमोहिमेचा आधार आहे. बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला वार्ताहराने एक बाई प्रत्यक्ष विकत घेतली होती. नाटकातला जयसिंग जाधवही कमलाला अडीचशे रुपयांना विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. मी हे नाटक वर्गात शिकवीत असे तेव्हा मुले दर वर्षी हमखास विचारीत, की ती परिषद तेंडुलकरांनी रंगमंचावर दाखवली का नाही. आपण फक्त नंतरचे ऐकतो : तिला कसले प्रश्न विचारले गेले, लोक कसे हसले. ती दाखवली असती तर प्रेक्षकही त्या हसणाऱ्यांत जाऊन बसला असता, असे मी उत्तर देत असे. नॅसाऊच्या फलकापुढे मला तेंडुलकरांच्या त्या संयमाचे मोल अधिक कळते. प्रदर्शन मांडणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी प्रदर्शन आपला स्वतःचा प्रेक्षक तयार करते आणि तो हसायला आलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘कमला’चा केंद्रबिंदू बाजारात नाही, घरात आहे. आपल्या मालकाने या बाईला कितीला विकत घेतले असेल, असा प्रश्न कमलाला सरिताविषयी पडतो आणि ती तो सरळ विचारते. त्या एका भाबड्या प्रश्नाने सरिताचे सुशिक्षित, सुखवस्तू घर आतून उघडे पडते. ‘मागणी’ या मराठी शब्दात हे सारे आधीपासून आहे. अर्थशास्त्रातल्या मागणीला आणि मुलीला घातलेल्या मागणीला आपण एकच शब्द वापरतो. मागणीविरोधी मोहिमा मात्र ‘बाजार’ आणि ‘घर’ यांत पक्की भिंत धरून चालतात. घर हे पवित्र, म्हणून लाजेचे पत्र तिथे पाठवायचे. बाजारातल्या पुरुषाला घडवणारे जे काही आहे, त्यातले बरेच त्याच घरात तयार झाले असेल, ही शंका त्या पत्राला शिवत नाही.

४

अपवाद म्हटले तो वर्गाचा. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा पकडल्या गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक दिवसाचा वर्ग सुरू झाला. त्यामागची मुख्य प्रेरणा नॉर्मा होटॅलिंग यांची. त्या स्वतः या धंद्यातून, हेरॉइनच्या व्यसनातून आणि बेघरपणातून बाहेर आलेल्या. त्यांनी अशाच बायकांसाठी ‘सेज’ ही संस्था उभारली होती. पोलीस, जिल्हा सरकारी वकील आणि ही संस्था यांनी मिळून कार्यक्रम आखला. पुरुषाने एक हजार डॉलरपर्यंत शुल्क भरायचे, दिवसभर बसायचे, मग खटला मागे घेतला जायचा. शुल्कातून वर्गाचा खर्च निघायचा आणि संस्थेच्या कामालाही पैसा मिळायचा. कायदा, रोग, दलालांची पद्धत, वस्तीतल्या रहिवाशांचे म्हणणे, असे विषय असत. यांतले बरेचसे आपल्या ‘समुपदेशन शिबिरा’सारखे कंटाळवाणे असणार. पण दिवसाच्या एका भागात धंद्यातून बाहेर पडलेल्या बाया पुढे येऊन बोलत.

या भागाशी मी थांबते, कारण आतापर्यंत पाहिलेल्या रूपांत जे कुठेच नव्हते ते इथे घडते. सापळ्यात बाई बनावट होती. यादीत आणि फलकावर ती नव्हतीच. पत्रात दुसरीच बाई वेठीला धरलेली होती. इथे खरी बाई खऱ्या गिऱ्हाइकासमोर उभी राहून स्वतःची गोष्ट सांगते आणि त्याला दर मिनिटाचे पैसे न मोजता ऐकावे लागते. धंद्याच्या व्यवहारात बाईच्या बोलण्याला एक ठरीव काम असते, गिऱ्हाइकाला बरे वाटेल असे बोलण्याचे. वर्गात ते काम सुटते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर इथे पहिल्यांदा गिऱ्हाईक ‘ते’ राहत नाही आणि नुसते ‘जॉन’ही राहत नाही. त्याला कोणीतरी ‘तुम्ही’ म्हणून संबोधते.

म्हणून मी या वर्गाला निर्दोष ठरवणार नाही. एक हजार डॉलरमध्ये खटला मिटतो, म्हणजे इथेही काहीतरी विकत घेतलेच जाते. भरणाऱ्याला ती माफीची किंमत वाटू शकते. बाईची वेदना अभ्यासक्रमाचा एक तास होते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना तिच्यावर काय परिणाम होत असेल, हाही प्रश्न आहे. आणि यश मोजायचे कसे? २००८च्या मूल्यमापन अहवालाने सांगितले की वर्गामुळे पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. तोवर पाच हजारांहून अधिक पुरुष त्यातून गेले होते. २०१२ मध्ये रेचेल लव्हेल आणि अ‍ॅन जॉर्डन यांनी त्या निष्कर्षाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. त्यांचा मुख्य मुद्दा, घट कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारासच दिसू लागली होती, तेव्हा तिचे श्रेय वर्गाला कसे द्यायचे? मला त्याहून मूलभूत अडचण वाटते ती मापाचीच. पुन्हा न पकडला गेलेला माणूस बदललेला असेल किंवा नुसता सावध झालेला असेल. कदाचित त्याने रस्ता सोडून महाजालाची वाट धरली असेल. अटकेच्या नोंदवहीत हे तिन्ही पुरुष सारखेच दिसतात.

५

आता आपल्याकडे. आपल्या कायद्याची चौकट वेगळी आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा शरीरविक्रयाला सरसकट गुन्हा म्हणत नाही. कुंटणखाना चालवणे, दलाली, कमाईवर जगणे, जाहीर आवाहन यांना म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सुधारगृहात डांबलेल्या तीन तरुणींना मोकळे करताना हेच स्पष्ट केले. गिऱ्हाईक या कायद्यात जवळजवळ नाही. सातव्या कलमात, प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय यांच्या दोनशे मीटरच्या आत किंवा अधिसूचित भागात व्यवहार झाला तर, ‘ज्याच्याबरोबर तो झाला ती व्यक्ती’ म्हणून ते चोरपावलांनी येते. आठव्या कलमाचा तोल पाहण्यासारखा आहे. जाहीर आवाहन करणाऱ्या बाईला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि तोच गुन्हा पुरुषाने केला तर तीन महिन्यांपर्यंत.

हे चित्र बदलते आहे. गिऱ्हाइकाला शिक्षा सुचवणारे २००६चे दुरुस्ती विधेयक व्यपगत झाले, पण २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४४व्या कलमात, तस्करीतून आणलेल्या व्यक्तीचे जाणूनबुजून लैंगिक शोषण करणाऱ्याला कैद आहे. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. कुंटणखान्यात सापडलेल्याला ‘ग्राहक’ म्हणताच येणार नाही, कारण बाई ही वस्तू नव्हे. पैसे देणारा तिला या व्यवसायात ढकलणाराच ठरू शकतो, असा तो निर्णय. कर्नाटक उच्च न्यायालयाने याआधी अनेकदा उलट कौल दिला आहे. एका शब्दाच्या अर्थावरून दोन न्यायालये भिडली आहेत, आणि महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांपर्यंत हा वाद पोहोचायला फार वेळ लागणार नाही.

या वादात ज्यांचे ऐकायला हवे त्यांचेही एकमत नाही. गिऱ्हाइकाला हात लावल्याशिवाय मुलींची तस्करी थांबणार नाही, असे तस्करीविरोधात काम करणाऱ्या अनेक संस्था म्हणतात आणि त्यामागे त्यांनी सोडवलेल्या अल्पवयीन मुलींचा अनुभव आहे. उलट सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’सारख्या, धंद्यातल्या बायांनीच उभ्या केलेल्या संघटना गिऱ्हाइकावरील कारवाईला विरोध करतात. घाबरलेले गिऱ्हाईक अंधारातली जागा मागते, घाई करते, बाईला नीट पारखून घ्यायला सवड देत नाही. वर तिची कमाई बुडते ती वेगळीच. अल्पवयीन आणि फसवून आणलेल्या मुलींच्या बाबतीत मला पहिली बाजू निर्विवाद वाटते. तिथे शिक्षाच हवी. त्यापलीकडच्या व्यवहारात दुसऱ्या बाजूचा इशारा डावलून आखलेली मोहीम पुन्हा बायांच्याच अंगावर येईल, असे मला वाटते. आणि त्या मोहिमेने यादी आणि छायाचित्र ही रूपे उचलली तर ती आपल्या गल्ल्यांत आणि आपल्या जातींच्या आडनावांसह किती भयंकर होतील, हे सांगायला नको. मे २०२२च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने छाप्यात सापडलेल्या बायांची ओळख माध्यमांनी उघड करू नये असे बजावले. गिऱ्हाइकाच्या बायको-मुलांना असे कोणते कवच आहे?

साहित्यालाही इथे हात झटकता येणार नाहीत. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली कामाठीपुऱ्याचा परिसर मराठी कवितेत आणला, तेव्हा त्यात मंदाकिनी पाटील हे नाव आले, आडनावासकट. धंद्यातली बाई कोणाची तरी लेक आहे, तिला गाव आहे, कूळ आहे, हे ते आडनाव ठणकावून सांगते. पन्नास वर्षांनंतरही मंदाकिनीकडे जाणाऱ्या पुरुषाला मराठी साहित्यात तसे ठसठशीत आडनाव मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. वेश्येवर आपण करुणेने लिहिले, संतापाने लिहिले, क्वचित लोभानेही लिहिले. पगाराच्या दिवशी तिकडे वळणारा कारकून, लग्नाआधी मित्रांनी नेलेला मुलगा, वारीहून परतताना वाट वाकडी करणारा शेतकरी यांच्या मनात शिरून आपण फारसे लिहिले नाही. बातमीतले गिऱ्हाईक बनावट असते आणि कथेतले बहुधा पाठमोरे.

त्याला समोर बसवून बोलणारी एक लेखिका मात्र आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्या विधवेला पाप करायला जो कोणी कारण झाला त्याचे नाव ताराबाई शोधत बसल्या नाहीत. त्यांनी सबंध पुरुषजातीला समोर घेतले आणि थेट संबोधून जाब विचारला. एका माणसाचे नाव छापले की बाकीचे सुटतात. ‘तुम्ही’ म्हटले की वाचणाऱ्या प्रत्येक पुरुषाला स्वतःकडे पाहावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या वर्गात जे काही खरे होते ते याच जातीचे होते.

मागणी ही पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेण्याची गोष्ट नाही. ती घरात, शाळेत, मित्रांच्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या बोलाचालीत तयार होते आणि मग नाक्यावर येऊन उभी राहते. पोलिसांना जिथे काम आहे तिथे, म्हणजे तस्करीत, जबरदस्तीत आणि अजाण मुलींच्या बाबतीत, त्यांनी ते कठोरपणे करावे. उरलेल्या मोठ्या प्रदेशात आपल्याला लेखक लागतील, शिक्षक लागतील, आणि बोलायला तयार असतील तर त्या बायाही लागतील. व्याकरणाने ‘ते’ करून ठेवलेल्या माणसाला आधी ‘तो’ करायला हवे. मग त्याच्याशी बोलता येईल.